घर हलवण्याचं गणित : डोंबिवली ते रोहा



"बाई, तिकडे भाडं निम्मं आहे. आम्ही आता गावाकडेच जातोय." शाळेचा दाखला मागायला आलेल्या पालकांच्या तोंडून हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. डोंबिवली, कल्याण, ठाणे इकडून पेणला किंवा रोह्याला जाणारी कुटुंबं कमी नाहीत. कुणाचं मूळ गाव तिकडे असतं, कुणाला धाटावच्या एमआयडीसीत काम मिळालेलं असतं, तर कुणाला मुंबईचं भाडंच झेपेनासं झालेलं असतं. वाक्य खरं असतं, भाडं निम्मं असतंच. पण भाडं निम्मं झालं म्हणजे खर्च निम्मा झाला असं नाही, आणि हा फरक टेम्पो निघायच्या आधी कागदावर मांडला नाही तर वर्षभरात कुटुंब परत डोंबिवलीच्या वाटेला लागतं. मधल्या मध्ये मुलाच्या दोन शाळा होतात. म्हणून हा पाठ. आठवी-नववीच्या वर्गात टक्केवारी आणि अंदाजपत्रक शिकवताना तो फळ्यावर घेता येतो, आणि पालकांना घरी बसूनही करता येतो.

आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा, डोंबिवलीत एका कुटुंबाला १५,००० रुपये भाडं आहे. रोह्यात तेवढंच घर ७,००० रुपयांना मिळतंय. महिन्याला ८,००० रुपये वाचले. इथपर्यंत सगळेच हिशेब करतात, आणि इथेच थांबतात.

आता पुढचा प्रश्न. कमावणाऱ्या माणसाची नोकरी कुठे आहे? वडिलांचं काम ठाण्यातच राहणार असेल तर रोज रोह्याहून जाणं-येणं जमेल का? रोह्याला रेल्वे आहे. रोहा हे तर कोकण रेल्वेचं पहिलं टोक, मध्य रेल्वेची हद्द तिथे संपते. पण लोकल पनवेललाच संपते. पनवेलच्या पुढे पेण, नागोठणे, रोहा या बाजूला दिवा-रोहा गाडीच्या मोजक्या फेऱ्या आणि एसटी. एक गाडी चुकली की दिवस गेला. पेणहून पनवेल-नवी मुंबईला रोज जाणारे लोक आहेत, ते जमतं. रोह्याहून ठाण्याला रोज जायचं म्हणजे महिन्याभरात माणूस थकतो आणि मग तिकडेच कुठेतरी कॉट घेऊन राहतो, शनिवारी घरी येतो.

म्हणजे कॉटचं भाडं ३,००० धरा. घरी जेवत होता, आता खाणावळ. घरातला त्याच्या वाटचा खर्च वजा करूनसुद्धा १,५०० रुपये जास्त जातात. दर आठवड्याची ये-जा, चार फेऱ्यांचे ८००. एकूण ५,३००. मग वाचले किती? ८,००० वजा ५,३००, म्हणजे २,७००. आठ हजारांचे पावणेतीन हजारही राहिले नाहीत.

आता एकदाच होणारा खर्च मांडू. टेम्पो १२,०००. (वन बीएचकेचं सामान छोट्या हत्तीत मावत नाही, ४०७ लागते, आणि टेम्पोवाला परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसेही तुमच्याकडूनच घेतो, हे भाव करताना लक्षात ठेवा.) दोन्हीकडचे हमाल ३,०००. दलाली एक महिन्याचं भाडं, ७,०००. भाडेकरार २,०००. पंधरा दिवस दोन्ही घरं आपल्याकडे राहतात, कारण एक सोडल्याच्या दिवशीच दुसऱ्याची किल्ली मिळत नाही, ते ३,५००. घर बघायच्या दोन फेऱ्या १,५००. नवा गणवेश, पुस्तकं, शाळेचं शुल्क ६,०००. आणि नळ, वायर, पंखे, गॅसची नळी, पडद्यांचे दांडे या सगळ्याचे ३,०००. दांडे दोन घरांत कधीच एका मापाचे नसतात. बेरीज केली की ३८,००० होतात.

मुलांना इथे थांबवून विचारा : हे ३८,००० रुपये बचतीतून भरून यायला किती महिने लागतील?

भागाकार सोपा आहे. वडिलांचं कामही रोह्यातच असेल, तर ३८,००० भागिले ८,०००, म्हणजे पाच महिन्यांच्या आत खर्च वसूल. वडील ठाण्यात राहणार असतील, तर ३८,००० भागिले २,७००, चौदा महिन्यांहून थोडे जास्त. आणि भाडेकरार असतो अकरा महिन्यांचा! करार संपताना मालकाने भाडं वाढवलं किंवा घर रिकामं करायला सांगितलं, तर पहिल्या स्थलांतराचा खर्च फिटायच्या आधीच दुसरं स्थलांतर. माझ्या मते निर्णय या एका तुलनेवर घ्यावा. वसुलीचे महिने कराराच्या मुदतीत बसत असतील तर पुढे जा. नसतील तर मालकाशी आधीच दोन-तीन वर्षांचा करार बोला, नाहीतर तिकडे काम मिळेपर्यंत थांबा.

अनामत रक्कम मी वरच्या बेरजेत धरलेली नाही, कारण तो खर्च नाही, पैसे परत येतात. पण ते कधी येतात? जुना मालक घर रिकामं झाल्यावर, भिंती बघून, रंगाचे पैसे कापून देतो. नव्या मालकाला मात्र किल्ली देण्याआधी हवे असतात. नवी अनामत २५,००० धरली तर त्या पंधरवड्यात ६३,००० रुपये रोख हाताशी लागतात, चालू महिन्याचा खर्च वेगळा. हिशेब बरोबर असूनही माणसं सावकाराकडे जातात ती या पंधरवड्यापायी. खर्च आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

भाडेकराराबद्दल एक गोष्ट नीट माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात). आपल्या उदाहरणात ते होतं साधारण २०० रुपये. नोंदणी शुल्क नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. म्हणजे "नोंदणी महाग पडते, साध्या स्टँपपेपरवर करू" म्हणणाऱ्या मालकाला हे आकडे दाखवा. नोंदणी झालेला करार पुढे शाळेत, गॅसवाल्याकडे, बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

शिक्षक बांधवांसाठी थोडं वेगळं. बदली मागून पेण-रोह्याकडे येणार असाल तर घरभाडे भत्ता बघा. सातव्या वेतन आयोगात भत्त्याचे दर शहराच्या एक्स, वाय, झेड वर्गाप्रमाणे २४, १६ आणि ८ टक्के असे सुरू झाले. महागाई भत्त्याबरोबर ते पुढे वाढतात, पण तिन्हींचं प्रमाण ३:२:१ तसंच राहतं. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली एक्समध्ये, पेण-रोहा झेडमध्ये. मूळ वेतन ४०,००० असेल तर २४ टक्क्यांनी ९,६०० आणि ८ टक्क्यांनी ३,२००. भाड्यात ८,००० वाचले, पण पगारातून ६,४०० गेले. शिवाय विनंती बदलीला सामान हलवण्याचा भत्ता मिळत नाही. आईवडिलांजवळ राहायला मिळतं म्हणून या, जरूर या. पैसे वाचतात म्हणून येऊ नका.

घर बघायला जाल तेव्हा काय विचाराल? पहिलं पाणी, आणि दोन्ही अर्थांनी. पेणच्या खारेपाटातल्या गावांत उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण असते, तालुक्यात हेटवणे धरण असूनही. रोह्यात उलट, कुंडलिका पावसात कुठवर येते ते शेजाऱ्यांना विचारा, दलालाला नको. तळमजला स्वस्त का आहे, याचं उत्तर कधीकधी भिंतीवरच्या ओलीच्या रेषेत असतं. धाटावच्या बाजूला रासायनिक कारखाने आहेत, तेव्हा घरात कुणाला दमा असेल तर रात्रीही एकदा चक्कर मारून या. महावितरणचं जुनं बिल थकलेलं नाही ना, तेही बघा.

मग कधी हलायचं? शाळेच्या दृष्टीने मे महिना. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा मूल सगळ्यांबरोबर नवं असतं. नोव्हेंबरात वर्गात येऊन बसलेलं मूल एकटंच नवं असतं. त्याचा गणवेश वेगळा असतो, आणि त्याने अर्धा पाठ शिकलेला असतो किंवा तोच पाठ दुसऱ्यांदा शिकत असतो. याची किंमत आपल्या तक्त्यात कुठे लिहायची ते मला अजून जमलेलं नाही, पण ती आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र टाळाच. मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची गर्दी आणि अवजड वाहनांवर बंदी असते. पेण, हमरापूर, जोहे इथून मूर्ती भरून टेम्पो मुंबईकडे जात असतात आणि गाड्यांचे भाव चढतात. पण त्याच्याही आधी, मूर्तींची वाहतूक नुकती सुरू झालेली असताना, मूर्ती पोचवून पेणकडे रिकामा परतणारा टेम्पो मिळतो का ते विचारून बघा. त्याला भाडं मिळतं आणि तुमचे परतीच्या फेरीचे पैसे वाचतात.

कागदपत्रांमध्ये जीव अडकतो तो दाखल्यापाशी. पालकांनो, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्राथमिक वर्गात, म्हणजे आठवीपर्यंत, प्रवेश अडवू शकत नाही. शिक्षकांनो, हे आपल्यालाही माहीत असू द्या. मूल दारात उभं ठेवायचं नाही. त्याचा यूडायस प्लसमधला कायम शिक्षण क्रमांक आपल्याकडे ओढून घ्या. त्या क्रमांकाचं इंग्रजी संक्षिप्त नाव 'पेन', त्यामुळे पेणच्या शाळांत दर जूनला होणारा घोळ मी वेगळा सांगत नाही. रेशनकार्ड बदलायची घाई नको, 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत धान्य नव्या गावीही मिळतं.

आणि साठवलेले पैसे. पेणमध्ये २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि लोकांच्या ठेवी वर्षानुवर्षं अडकल्या. तेव्हा ठेवीला विमा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून तो प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत आहे. विमा असला तरी पैसे त्याच दिवशी हातात येत नाहीत, आणि टेम्पोवाला थांबत नाही. स्थलांतराची रक्कम निदान दोन खात्यांत ठेवा.

वर्गासाठी एक गंमत : देशाचं अंदाजपत्रक मांडणारे अर्थमंत्री आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. रोह्याच्या मुलांना हे सांगितलं की जमाखर्चाचा तक्ता जरा उत्साहाने भरतात.

सराव : वरच्या उदाहरणात वडिलांऐवजी आईला धाटावमध्ये ४,००० रुपये कमी पगाराचं काम मिळालं, वडीलही रोह्यात आले आणि त्यांचा पगार तोच राहिला, तर खर्च किती महिन्यांत वसूल होईल? करार अकरा महिन्यांचाच धरा. मुलांनी उत्तर काढल्यावर 'या घराने जावं का?' हे त्यांना दोन ओळींत लिहू द्या, आणि लिहिलेलं घरी वाचून दाखवायला सांगा.