विचारांची घुसळण

मित्रांनो, दही घुसळल्याशिवाय लोणी वर येत नाही, हे आपण घरी पाहतोच. विचारांचंही तसंच आहे, बरं का! पुष्कळ जणांनी एकत्र बसून एकाच प्रश्नावर नवनव्या कल्पना काढणे याला विचारमंथन म्हणतात. मंथन म्हणजे घुसळणे.

ही पद्धत अमेरिकेतील ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी सुरू केली. ते जाहिरातीच्या धंद्यात होते. १९५३ साली त्यांनी पुस्तक लिहून तिची माहिती जगाला दिली. तिचे नियम चारच आहेत :

१) कोणाच्याही कल्पनेला लगेच नावे ठेवायची नाहीत.
२) कल्पना कितीही अजब असली तरी सांगून टाकायची.
३) जितक्या जास्त कल्पना, तितकं चांगलं.
४) दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची.

चांगली कोणती, वाईट कोणती, हे सगळ्यात शेवटी ठरवायचे.

समजा, प्रश्न आहे, 'शाळेच्या नळाखाली सांडणाऱ्या पाण्याचं काय करावं?' एक जण म्हणेल, "बादली ठेवू." दुसरी म्हणेल, "चर खणून झाडांकडे नेऊ." तिसरा म्हणेल, "हत्ती पाळू, तो सोंडेनं झाडांना पाणी घालील!" सगळे हसतील. पण सोंडेवरून चौथीला रबरी नळी आठवेल. तिसऱ्याला आपण गप्प बसवलं असतं, तर नळी सुचली असती का?

मात्र यात एक गोम आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात याची परीक्षा घेतली. चौघांच्या गटाला जेवढ्या कल्पना सुचल्या, त्याहून बऱ्याच जास्त कल्पना एकेकटे बसून विचार केलेल्या चौघांच्या मिळून झाल्या! असं का? गटात एक बोलतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं. तेवढ्यात मनातलं विसरून जातं. शिवाय कोणी हसेल, ही भीती असतेच.

म्हणून आधी पाच मिनिटे प्रत्येकाने गुपचूप वहीत लिहावे. मग ओळीने सर्वांनी वाचून दाखवावे. म्हणजे मागे बसणाऱ्या, कधी न बोलणाऱ्या मुलीचीही कल्पना फळ्यावर येईल. कोण जाणे, लोणी तिच्याच वहीत असेल!

पालकांनो, घरात काही अडलं तर आम्हालाही विचारा. "तुला काय कळतंय?" असं लगेच म्हणू नका. शेवटी ठरवा तुम्हीच, पण आधी ऐकून तर घ्या!