घराबाहेरची बैठक

घराची पारख दिवाणखान्यावरून करण्याची रीत पडून गेली आहे. पाहुण्याची नजर सोफ्यावर, पडद्यांवर आणि भिंतीवरील चित्रांवर फिरते व त्यावरून घरमालकाच्या अभिरुचीचा अंदाज बांधला जातो. परंतु त्या घरातील माणसे दिवसाचा कोणता वेळ खऱ्या सुखात घालवितात असे पाहू गेल्यास उत्तर पुष्कळदा उंबरठ्याबाहेर सापडते. सकाळचा चहा व वर्तमानपत्र, दुपारचे धान्य निवडणे, दिवेलागणीच्या सुमारास शेजाऱ्यांशी होणाऱ्या चार गोष्टी, या साऱ्यांची जागा ओसरीवर, ओट्यावर, अंगणात किंवा गच्चीवर असते.

हल्ली अशा जागेसाठी खास खुर्च्या, बाके व मेजे बाजारात मिळतात. हौसेने ती घरी येतात आणि दिवाणखान्याप्रमाणेच भिंतीला पाठ लावून, मधोमध मेज ठेवून मांडली जातात. चार दिवस कौतुक होते. पुढे तापलेल्या खुर्चीवर कोणी बसेनासे होते आणि पावसाळा येईपर्यंत तिच्यावर रद्दीचे गठ्ठे चढलेले असतात. यात दोष खुर्चीचा नसतो. खोलीत ऊन, वारा व पाऊस यांना भिंतींनी अडविलेले असते. बाहेर मात्र त्यांच्या कलानेच घ्यावे लागते. म्हणून बाहेरच्या बैठकीत सामान कोणते घ्यावे हा प्रश्न शेवटचा होय. ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो, वाट कोठून जाते आणि बसणार कोण, हे प्रश्न त्याच्या आधीचे.

प्रथम उन्हाचा विचार करावा. पूर्वेकडील ओसरी सकाळी तापते व दुपारनंतर निवते. पश्चिमेकडील ओसरी सकाळी सुखाची आणि सायंकाळी असह्य असते. मावळतीचे ऊन तिरपे येत असल्यामुळे वळचण कितीही पुढे काढली तरी ते आत शिरतेच. तेथे बांबूचा पडदा, वेलीचा मांडव किंवा एखादे झाडच उपयोगी पडते. दक्षिणेची गोष्ट निराळी आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य ग्वाल्हेरीस क्षितिजापासून सुमारे 40 अंश, इंदुरास 44 अंश आणि पणजीस 51 अंश एवढाच वर चढतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. ग्वाल्हेरीस एखाद्या दक्षिणमुखी ओसरीची वळचण 9 फूट उंचीवर असून ती भिंतीपासून 4 फूट पुढे आली असेल, तर डिसेंबरात भर दुपारी भिंतीवर साडेपाच फुटांपर्यंत ऊन चढते आणि भिंतीलगत बसलेला माणूस त्यात पुरता शेकून निघतो. जूनमध्ये तेच ऊन वळचणीबाहेर थांबते. एकच जागा हिवाळ्यात उबेची व उन्हाळ्यात सावलीची होते, ती अशी.

हे गणित कागदावर मांडण्याची गरज नाही. सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा, चार व सायंकाळी सहा या वेळी सावलीची कड खडूने जमिनीवर आखावी. हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा आखली की खुर्चीची जागा आपोआप ठरते. बाहेरच्या सामानाला कायमची जागा नसावी, हा धडाही त्या रेघा शिकवितात. ऋतूबरोबर हलविता येईल एवढेच त्याचे वजन असावे.

वाऱ्याची तऱ्हा प्रदेशागणिक बदलते. गोव्याच्या किनारपट्टीवर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तेथील हवा इतकी दमट असते की सावलीपेक्षाही वाऱ्याच्या झुळुकीनेच घाम निवतो. यास्तव तेथे बैठकीच्या पश्चिमेस उंच पाठीचे बाक किंवा दाट कुंड्यांची रांग लावून वारा अडविणे म्हणजे हातचे सुख दवडणे होय. मात्र पावसाळ्यात झड त्याच बाजूने येते. बेळगावाकडेही पावसाचा मारा पश्चिमेचाच. जून ते सप्टेंबर तेथील खुर्च्या आतल्या भिंतीकडे ओढलेल्या बऱ्या. ग्वाल्हेरीस मे महिन्यात ‘लू’ वाहू लागली की दिवसा बाहेर बसण्याचा प्रश्नच उरत नाही. पहाट आणि रात्र एवढ्याच वेळा हाती राहतात. इंदूरकडे उन्हाळ्यातही रात्री निवतात. ‘शब-ए-माळवा’ हा लौकिक काही उगाच झालेला नाही. अशा कोरड्या हवेच्या गावी दिवस कलल्यावर अंगणात सडा घातला की पाण्याची वाफ होताना जमिनीची उष्णता निघून जाते व तासाभरात जागा बसण्याजोगी होते. गोव्याच्या दमट हवेत हाच उपाय फारसा लागू पडत नाही, कारण तेथे पाणी लवकर सुकत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब टाकीत राहते. उन्हाळ्यात तिला पाठ लावून बसण्यापेक्षा अंगणाच्या मध्यावर बसणे श्रेयस्कर.

ऊन व वारा यांच्यानंतर माणसांचा विचार येतो. या बाबतीत गोव्यातील जुन्या घरांचे ‘बाल्कांव’ पुष्कळ शिकविते. पोर्तुगीज राजवटीत प्रामुख्याने ख्रिस्ती घरांच्या दर्शनी भागी रूढ झालेला हा पायऱ्यांचा छपरी सोपा होय. पायऱ्या चढून आले की दोन्ही बाजूंस समोरासमोर चुनेगच्ची बैठका असतात. त्यांना ‘सोपो’ म्हणतात. बसणाऱ्यांची तोंडे एकमेकांकडे आणि बाजू रस्त्याकडे असते. मान जराशी वळविली की रस्ता दिसतो, वळवून घेतली की घरगुती बोलणे चालू राहते. रस्त्याने जाणाऱ्यास हाक मारता येते आणि त्याच्याकडे टक लावून पाहिल्याचा दोषही लागत नाही. घरात येणारा माणूस या दोन बैठकांमधूनच पुढे जातो. साहजिकच विचारपूस झाल्यावाचून कोणी आत जात नाही. उलटपक्षी गोव्यातील मोठ्या हिंदू घरांत बैठक अंतर्मुख असते. घराच्या मध्यभागी राजांगण, त्यात तुळशीवृंदावन आणि सभोवार ओसरी, अशी तेथील रचना. पहिली बैठक गावासाठी, दुसरी कुटुंबासाठी. नव्या घरात खुर्च्या मांडतानाही ही निवड करावीच लागते. कुटुंबासाठी बैठक हवी असेल तर ती मागील अंगणात, झाडाच्या आडोशाला मांडावी. शेजाराशी नाते हवे असेल तर पुढील बाजूस, रस्त्याला तिरपी.

दोन खुर्च्या अगदी समोरासमोर ठेवल्या की मुलाखत चालल्यासारखे वाटते, एका रेषेत ठेवल्या की मान अवघडते. काटकोनात ठेवल्या की बोलणे सहज होते. दोन बैठकांमध्ये चार ते सात फुटांचे अंतर पुरे. त्याहून दूर बसलेल्यास आवाज चढवावा लागतो, आणि बाहेर चढविलेला आवाज शेजारी ऐकतो. फाटकापासून दारापर्यंतची वाट निदान तीन फूट मोकळी राहिली पाहिजे. तुळशीला प्रदक्षिणा घालावयाची जागाही कोणत्याच बाकाने अडवू नये. बडोद्याकडील घरांचा जीव की प्राण असलेला झोपाळा टांगावयाचा असल्यास त्याच्या पुढेमागे तीन-तीन फूट जागा सोडावी, पाट जमिनीपासून दीड फुटावर असावा आणि त्याचा हेलकावा दाराच्या वाटेत येऊ नये. कड्यांचे आकडे तुळईतच बसवावे. त्यांचा भार छताच्या गिलाव्यावर टाकणे धोक्याचे.

सामानाचा विचार आता करावयाचा. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे ते पाण्याला पुष्कळ टिकते. वेताची खुर्ची हलकी व थंड खरी, परंतु पावसात भिजत ठेवली की बुरसते. तिची जागा छपराखालीच. लोखंड समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते, तेथे ॲल्युमिनियम बरे. प्लॅस्टिकची खुर्ची स्वस्त व उचलण्यास सोपी. तथापि वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास ती ठिसूळ होऊन एकाएकी मोडते, हे ध्यानात असावे. दगडी बाक सर्वांहून टिकाऊ, पण ते हलत नाही. यास्तव त्याची जागा खडूच्या रेघा पाहूनच ठरवावी. लाकडी पाय ओल्या जमिनीस टेकले की वाळवीस आमंत्रण मिळते; त्यांच्याखाली रबराची टोपणे किंवा फरशीचे तुकडे द्यावे. फरशीस बाहेरच्या बाजूने शंभर फुटांस एक फूट या प्रमाणात उतार असला की पाणी खुर्च्यांखाली साचत नाही.

या सर्व विचारात एका माणसाचा विसर पडता कामा नये. तो म्हणजे घरातील वृद्ध. हल्लीच्या बसक्या, खोलगट आरामखुर्च्या दिसावयास सुंदर असतात. परंतु गुडघे धरलेल्या माणसास त्यांत बसता येते आणि उठता येत नाही. दोन-तीनदा हात मागावा लागला की तो बाहेर येणेच सोडतो, आणि घरच्या मंडळींस वाटते की आजोबांना आताशा एकांत आवडू लागला! त्यांच्यासाठी 17-18 इंच उंचीची, ताठ पाठीची व भक्कम हातांची एक खुर्ची असावी. तेथवर जाण्यास पायरी उतरावी लागू नये, तेथून फाटक दिसावे आणि घरातून मारलेली हाक तेथे ऐकू यावी. खुर्ची अशा ठिकाणी असली की दिवसातून चार माणसे त्यांची चौकशी करतात. तीच मागच्या खोलीत गेली की कोणी करीत नाही. कित्येक घरांत म्हातारपणाचा एकटेपणा खुर्चीच्या जागेवरूनही ठरत असतो.

आज अनेक ओसऱ्यांना जाळ्या बसल्या आहेत, ओट्यांवर वाहने उभी आहेत आणि अंगणे बांधकामात गेली आहेत. जागेची अडचण खरीच आहे, तिला कोणी दोष देऊ नये. तथापि चार फूट रुंदीच्या सज्जातही भिंतीशी एक ताठ खुर्ची आणि तिच्या काटकोनात एक मोडा सहज मावतो. मोठे मेज काढून टाकले, वाळलेल्या कुंड्या हलविल्या आणि सावलीची कड एकदा नीट पाहिली, तर तेवढ्या जागेतही दोन माणसांची बैठक होते. दुसरी बैठक रिकामी दिसली तरी उचलू नये. रस्त्याने जाणारा ओळखीचा माणूस ती पाहूनच थांबतो.