जखम का सुजते?

आपल्याकडे पायात काटा मोडतो, खिळा घुसतो, हाताला विळा लागतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. सगळे म्हणतात, जखम चिघळली. पण थोडी सूज म्हणजे आपल्या शरीराची लढाई असते. ती कशी, ते मी सांगतो.

काट्याबरोबर जंतू आत जातात. कातडीखाली काही पेशी राखणदारासारख्या बसलेल्या असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. जंतू आला की त्या रसायनं सोडून हाक मारतात. मग जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. जास्त रक्त येतं म्हणून जागा लाल आणि गरम होते. रक्तातलं पाणी झिरपतं म्हणून सूज येते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतूंना गिळतात. लढून मेलेल्या पेशी आणि जंतू मिळून पू होतो.

इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञांनी १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गंमत ऐका. शेतात रानडुकरं शिरली की राखणदार ओरडतो, सगळे काठ्या घेऊन पळतात. डुकरं जातात, पण माणसांच्या पायांखाली पीकही तुडवलं जातं. म्हणून काम झालं की माणसांनी घरी जायला पाहिजे. शरीरातही तसंच आहे. न्यूट्रोफिलच्या रसायनांनी आपलं चांगलं मांसही दुखावतं. म्हणून जंतू संपले की मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिलना खाऊन टाकतात आणि "आता पुरे" असा निरोप देणारी रसायनं सोडतात. मग सूज उतरते आणि जखम भरते.

पण कधी जंतू रक्तात पसरतात आणि लढाई आवरत नाही. ती सगळ्या अंगात पेटते. त्याला सेप्सिस म्हणतात. त्यात रक्तदाब उतरून माणूस दगावूसुद्धा शकतो.

माझ्या काकांच्या पायात खिळा घुसला, तेव्हा कोणी म्हणालं शेण लावा, कोणी म्हणालं चुना. आईनं कुणाचं ऐकलं नाही. साबणानं पाय धुतला आणि आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथे धनुर्वाताची सुई दिली. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, मग शेण कसं लावायचं?

म्हणून जखम लगेच स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. पू पिळू नका. सूज वाढत गेली, लाल रेघ वर चढली, ताप आला किंवा माणूस बरळू लागला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका.

आपल्या पेशी रात्रंदिवस लढतात. आपण त्यांना एवढी मदत करूया.

— इयत्ता चौथी