मुलांसह पहिली द्वीपयात्रा

समुद्र आम्हा गोमंतकीयांस नवा नाही. भरती-ओहोटीचे भान, माशांचा हंगाम, पावसाळ्यात पाण्याकडे न फिरकण्याची रीत ह्या गोष्टी आपली मुले घरातच शिकतात. त्यामुळे सुटीत एखाद्या बेटावर जाण्याचा विचार निघाला, की त्यात वेगळी तयारी ती काय करावयाची, असे आपणांस साहजिकच वाटते. परंतु समुद्रकाठी राहणे आणि समुद्राच्या मध्यावर जाऊन राहणे ह्यांत मोठा भेद आहे. काठावर आपल्या पाठीशी सारी भूमी असते. रात्री मुलास ताप चढला, तर गाडी काढून तासाभरात मोठ्या इस्पितळात पोहोचता येते. बेटावर पाठीशीही समुद्रच असतो. तो खवळला, की येण्याजाण्याचा मार्ग खुंटतो. मोठा माणूस अशा वेळी थांबू शकतो. तीन-चार वर्षांच्या मुलास मात्र थांबणे ठाऊक नसते. म्हणून लहान मुलांसह प्रथमच द्वीपयात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनी बेत कसा आखावा, ह्याचा विचार अंदमानचे उदाहरण घेऊन येथे करावयाचा आहे.

अंदमानची बेटे बंगालच्या उपसागरात, सुमारे १० ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, दक्षिणोत्तर पसरलेली आहेत. त्यांचे मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव श्रीविजयपुरम् असे ठेवण्यात आले. तत्पूर्वी २०१८ साली हॅवलॉक बेटास स्वराजद्वीप, तर नील बेटास शहीदद्वीप ही नावे देण्यात आली. तिकिटांवर व नकाशांवर कधी जुने नाव आढळते, कधी नवे. म्हणून दोन्ही लक्षात ठेवलेली बरी. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत तेथे पोहोचता येते. जहाजानेही जाता येते, परंतु त्यास अडीच-तीन दिवस लागतात. लहान मुले बरोबर असता पहिल्या खेपेस हा मार्ग न घेणेच शहाणपणाचे. विमान खाली उतरू लागले, की लहान मुलांचे कान दुखतात. त्या वेळी तान्ह्या मुलास अंगावर घ्यावे व मोठ्यास घोट-घोट पाणी द्यावे. गिळण्याच्या क्रियेने कानांतील दाब समतोल होतो.

पहिला प्रश्न ऋतूचा. गोव्याहून पुष्कळ पाऊस पाडून गेलेला नैर्ऋत्य मोसमी वारा आपण जाणतो. अंदमानास मात्र दोन पावसाळे आहेत. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा पाऊस, आणि त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ईशान्य वाऱ्यांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचेही महिने होत. सबब दिवाळीची सुटी आपल्या सोयीची असली, तरी समुद्राच्या सोयीची नसते. मेच्या उत्तरार्धाचेही तसेच. डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात शांत असतो. शाळेचे वेळापत्रक पाहता नाताळची सुटी आणि उन्हाळी सुटीचा प्रारंभ एवढेच काय ते आपल्या हाती राहते. नाताळात गर्दी फार असते. म्हणून राहण्याची व आगबोटीची सोय दोन-तीन महिने आधी करून ठेवावी.

दुसरी गोष्ट सूर्याची. पुष्कळ प्रवासी तीच विसरतात. साऱ्या भारताचे घड्याळ एक असले, तरी सूर्य एक वेळ पाळत नाही. पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटे घेते. पणजी सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर व पोर्ट ब्लेअर सुमारे ९३ अंशांवर, म्हणजे दोहोंत जवळजवळ १९ अंशांचे अंतर. १९ ला ४ ने गुणले असता ७६ मिनिटे येतात. ह्याचा अर्थ असा, की घड्याळात दहा वाजले असता तेथील सूर्य आपल्याकडील सव्वाअकराच्या सूर्याइतका वर आलेला असतो. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. आपल्या सवयीने नऊ वाजता न्याहारी करून दहाला समुद्रावर जाणारे कुटुंब मुलांस भर दुपारच्या उन्हात नेते, आणि "पाच वाजता फिरावयास जाऊ" म्हणणाऱ्यांस काळोख भेटतो. ह्यावर उपाय सोपा आहे. सकाळी सहा ते साडेआठ पाण्यात घालवावेत. नऊपासून दोनपर्यंत सावली, जेवण व झोप. अडीच-तीननंतर पुन्हा बाहेर पडावे. डोक्यास रुंद काठाची टोपी व अंगात बाह्यांचा सुती सदरा हे मुलांचे खरे संरक्षण होय. सहा महिन्यांच्या आतील बाळास मलमावर न विसंबता सावलीतच ठेवावे.

तिसरी गोष्ट दिवसांच्या मांडणीची. माझ्या स्वतःच्या पहिल्या बेतात पाच दिवसांत आठ स्थळे होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचे चार वर्षांचे मूल ताटात हात तसाच ठेवून झोपी गेले, तेव्हा उरलेली स्थळे आम्ही वहीतून खोडली. त्या संध्याकाळी आम्ही केवळ वाळूत बसून राहिलो. शंखात घर करून राहणारे चिमुकले खेकडे त्या किनाऱ्यावर शेकड्यांनी चालत असतात. मूल अंधार पडेतो त्यांच्या मागे रांगत होते. पुढे वर्षभराने यात्रेतील काय आठवते असे विचारले, तेव्हा त्याने एकच उत्तर दिले, "घर पाठीवर घेऊन चालणारी कुर्ली." आठांपैकी एकही स्थळ त्याच्या स्मरणात नव्हते. तेव्हापासून मी एक नियम मानतो: बेत मुलाच्या मापाने बेतावा व त्यातही थोडे कापड शिवणीत सोडावे.

ह्या नियमाप्रमाणे सहा रात्रींची मांडणी अशी होते. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला. नंतरच्या तीन स्वराजद्वीपावर. आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र फार महत्त्वाची आहे. वारा सुटला, की बेटांमधील आगबोटी रद्द होतात. ज्या दिवशी परतीचे विमान, त्याच दिवशी बेटावरून निघण्याचा बेत केला व बोट सुटली नाही, तर मुले, सामान व तिकिटे सारीच अडकून पडतात. शहीदद्वीपही सुंदर आहे. परंतु पहिल्या खेपेस एक बेट सोडून देणे ह्यात काहीच गमावलेले नसते.

बोटीचा प्रवास वेगवान खाजगी बोटीने सुमारे दीड तासाचा व सरकारी बोटीने दोन-अडीच तासांचा आहे. मुलांस बोट लागू नये म्हणून निघण्यापूर्वी हलके खावयास द्यावे. पोट अगदी रिकामे वा तुडुंब नसावे. बोटीच्या मध्यभागी खालच्या भागात हेलकावे सर्वांत कमी बसतात. पुस्तक वा पडदा पाहू न देता दूरच्या क्षितिजाकडे पाहावयास सांगावे. औषध द्यावयाचे झाल्यास डॉक्टरांस आधी विचारूनच द्यावे. प्रत्येक मुलाचे ओळखपत्र वा जन्मदाखला जवळ असावा.

आता पाण्याविषयी. ही सर्वांत गंभीर बाब आहे. बुडणारे मूल ओरडत नाही व हातही हलवीत नाही. तोंड पाण्यापाशी आलेल्या मुलास श्वासच पुरत नाही, मग हाक कोठून पुरणार? ते गुपचूप खाली जाते, आणि त्यास एक-दोन मिनिटे पुरेशी होतात. म्हणून पाच वर्षांखालील मूल पाण्यात असता वडील माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर असलाच पाहिजे, मग पाणी घोट्याइतके का असेना. पुष्कळ मंडळी बरोबर असली, म्हणजे धोका टळतो असे नाही. सगळे पाहत आहेत असे ज्याला-त्याला वाटते, तेव्हा खरोखर कोणीच पाहत नसते. पाळी ठरवावी: ह्या अर्ध्या तासात लक्ष आईचे, पुढच्या अर्ध्या तासात वडिलांचे. ज्याची पाळी, त्याने भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या हाती द्यावा. हवा भरलेल्या रबरी कड्यावर विसंबू नये. वारा ते क्षणात आत नेतो. जेथे जीवरक्षक आहे तेथेच, व तो सांगेल त्याच हद्दीत उतरावे. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झगडू नये; किनाऱ्यास समांतर पोहत बाजूला जावे. खारफुटीच्या खाड्यांत तेथे खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. सूचनाफलक असेल तेथे पाण्याच्या कडेसही उभे राहू नये.

ह्या कामी शाळेतील मुलामुलींनी मोठा हातभार लावावा. धाकट्या भावंडांसाठी भरती-ओहोटीचा तक्ता त्यांनी करावा. एका भरतीपासून दुसऱ्या दिवशीच्या त्याच भरतीपर्यंत सुमारे २४ तास ५० मिनिटे जातात; आज नऊला भरती असेल, तर उद्या दहाच्या सुमारास असेल. तेथील काही किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी दूर जाते व टोकदार प्रवाळखडक उघडे पडतात. तेव्हा पायांत जोडे हवेत, आणि पोहण्यास ती वेळ निरुपयोगी.

आणखी एक शिकवण सर्वांनी तोंडपाठ करावी. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील प्रचंड भूकंपामुळे उसळलेल्या लाटांनी अंदमान-निकोबारात भयंकर प्राणहानी केली. जमीन बराच वेळ जोराने हादरली, किंवा समुद्र एकाएकी दूर मागे हटला, तर मासे-शिंपले पाहत न राहता तत्काळ उंच जागी जावे व सूचना मिळेपर्यंत खाली उतरू नये. निवासस्थानी पोहोचताच उंचवट्याची वाट मुलांसह एकदा चालून पाहावी. त्याने मुले भीत नाहीत. उलट त्यांस धीर येतो.

औषधांची पेटी गावातूनच भरून न्यावी. मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. स्वराजद्वीपावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तापाचे औषध मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्यावे. जुलाबावर क्षार-साखरेची पाकिटे जवळ असावीत. ती संपल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. डास व वाळूतील बारीक माश्या ह्यांपासून मुलांस जपावे. संध्याकाळी लांब बाह्या व झोपताना मच्छरदाणी हवी. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांस ह्या प्रवासाची माहिती अवश्य द्यावी. हिवतापाची शंका घेणे त्यामुळे सोपे जाते.

बेटावरून काय आणू नये, हेही ठरवून जावे. प्रवाळास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मेलेला तुकडाही उचलू नये. शंख का आणू नये, हे मुलांस पटविणे कठीण जात नाही. तो रिकामा शंख म्हणजे एखाद्या खेकड्याचे उद्याचे घर आहे, एवढे सांगितले, की ती स्वतःच तो वाळूत परत ठेवतात. त्याचप्रमाणे जारवा लोकांच्या राखीव वनातून जाणारी बाराटांगची सहल लहान मुलांसह टाळावी. तीसाठी पहाटे तीन-चारला निघावे लागते. आणि माणसे ही पाहण्याची वस्तू नव्हे. त्यांचे छायाचित्र घेणे वा त्यांस खाऊ देणे ह्यांस कायद्याने मनाई आहे.

पोर्ट ब्लेअरला जाऊन सेल्युलर जेल न पाहणे मराठी घरास रुचणार नाही. १८९६ ते १९०६ ह्या काळात बांधलेल्या ह्या कारागृहाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर बंधू येथे बंदिवान होते. 'माझी जन्मठेप' ह्या ग्रंथाची पार्श्वभूमी ती हीच. परंतु लहान मुलास तेथे दोन तास फिरवू नये. सकाळी लवकर जावे, एकच कोठडी दाखवावी, दार लावल्यावर आतून किती आकाश दिसते ते त्यास पाहू द्यावे. कोलू, बेड्या व फाशी ह्यांचे तपशील थोरल्यांसाठी राखावेत.

स्वराजद्वीपावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधील निर्वासित वसविले गेले. राधानगर, विजयनगर, कृष्णनगर, गोविंदनगर अशी त्यांच्या गावांची नावे. आपल्या मुलांस ती परकी वाटत नाहीत. त्यांपैकी विजयनगरचा किनारा पूर्वाभिमुख आहे. गोव्याच्या मुलांनी सूर्य समुद्रात बुडताना शेकडो वेळा पाहिलेला असतो. समुद्रातून वर येताना तो त्यांस घरी कधीच दिसावयाचा नाही. पहाटे पाचला मुलांस उठवून, अंगावर शाल घालून त्या वाळूवर नेऊन बसवावे. ह्यास तिकीट नाही, रांग नाही, वाहन नाही. साऱ्या यात्रेत दुसरे काहीही पार पडले नाही, तरी एवढे पार पडावे, म्हणजे पहिली द्वीपयात्रा सफल झाली असे खुशाल समजावे.