परवाना, शाळा आणि राजाजी

माझे अब्बा मालेगावात दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करायचे. स्वतःचे चार माग असावेत, एवढीच त्यांची इच्छा. पैसे कसेबसे जमले. पण त्या काळी मागाला सरकारी परवाना लागे. कार्यालयाचे खेटे घालून त्यांच्या चपला झिजल्या आणि शेवटी त्यांनी तो नाद सोडला. ते म्हणायचे, "माग चालवायला हात लागतात, परवान्याला वशिला लागतो."

स्वतंत्र भारताचा इतिहास शिकवताना चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव आले की मला अब्बांचे हे वाक्य आठवते. राजाजी देशाचे शेवटचे गव्हर्नर जनरल. आयुष्य काँग्रेसमध्ये गेलेले. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राजाजींनी स्वतंत्र पक्ष उभा केला. मुंबईचे मिनू मसानी आणि शेतकरी नेते एन. जी. रंगा त्यांच्या सोबत होते.

पुराणमतवादी म्हटले की जुन्या रूढींना चिकटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. राजकारणात या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा आहे. कुटुंब, शेत, धंदा, धर्म या गोष्टी सरकारच्या आधीपासून आहेत. सरकारने त्यांचे रक्षण करावे, त्यांना आपल्या हुकमाखाली आणू नये, असे हा विचार सांगतो. सरकारी नियंत्रणाला राजाजींनी नाव दिले होते 'परमिट-लायसन्स-कोटा राज'. परवाना ज्याच्या हाती, तोच नवा जमीनदार, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी हे करूनही दाखवले होते. मद्रासचे मुख्यमंत्री असताना 1952 मध्ये त्यांनी धान्यावरील नियंत्रण उठवले होते.

लोकांना हे पटत गेले. 1967 च्या निवडणुकीत 44 जागा मिळवून स्वतंत्र पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. पण 1971 मध्ये जागा उरल्या फक्त 8 आणि 1974 मध्ये पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला. परवाना राज मोडायला 1991 उजाडले. तोपर्यंत टेलिफोन आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणे, हेच आपल्या घरांचे नशीब होते.

मग राजाजी बरोबर होते का? शिक्षिका म्हणून मी इथे थबकते. 1953 मध्ये याच राजाजींनी मद्रास राज्याच्या खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी रोज तीनच तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. शाळा कमी, पैसा कमी. दोन पाळ्यांत जास्त मुले बसतील, हा हिशेब खोटा नव्हता. पण न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा आणि कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, असाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला. मोठे आंदोलन झाले. 1954 मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

त्या योजनेत माझ्यासारखीचे काय झाले असते? शाळा सुटल्यावर मी मागावर बसले असते. मी बी.एड. झाले ती पूर्ण वेळ भरणाऱ्या अनुदानित शाळेमुळे, सरकारी शिष्यवृत्तीमुळे. ज्या सरकारने अब्बांची वाट अडवली, त्याच सरकारने माझी वाट मोकळी केली.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. सत्ताधाऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र पक्षात राजेरजवाडे आणि बडे उद्योगपती कमी नव्हते. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यातल्याच. सरकार मागे सरले की ती जागा प्रत्येक वेळी सामान्य माणसाला मिळतेच असे नाही. कधी कधी तिथे जुना मालक येऊन बसतो.

म्हणून दस्तरखानावर राजकारणाची चर्चा रंगली, की 'सरकार हवे की नको' एवढ्यावर थांबू नका. एखादे धोरण आले की मुलांसमोर दोन साधे प्रश्न ठेवा. याने गरिबाला आणखी एका साहेबाच्या दारात उभे राहावे लागेल का? आणि त्याच्या मुलासमोर बापापेक्षा वेगळी वाट खुली होईल का? पहिला प्रश्न राजाजींचा आहे. दुसरा त्यांच्याकडून राहून गेला. आपल्याला दोन्ही विचारावे लागतील.