उजळलेले खळगे मोजू या

करी रोडच्या एखाद्या चाळीत रात्री दोनच खोल्यांत दिवे असतील, तर दुरून सगळी चाळ अंधारीच वाटते. खिडक्या एकेक करून पाहिल्या, तर ते दोन दिवे नक्की सापडतात. रक्तातील अत्यल्प प्रथिन शोधण्याचे एक तंत्र असेच आहे.

त्याची गरज काय? कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर ‘पीएसए’ हे प्रथिन रक्तात जवळजवळ उरत नाही. ते पुन्हा वाढू लागले, तर रोग परतल्याची शंका येते. जवळच्याच परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांसाठीही ही वाढ लवकर कळणे मोलाचे.

यासाठी सुमारे ३ मायक्रोमीटर व्यासाचे चुंबकीय कण घेतात. त्यांवर पीएसएलाच पकडणारी प्रतिपिंडे असतात. कण रेणूंपेक्षा पुष्कळ जास्त असल्याने बहुतेक कण रिकामे राहतात, काहींवर एकेक रेणू बसतो. त्या रेणूला विकर जोडून प्रत्येक कण वेगळ्या सूक्ष्म खळग्यात ठेवतात. विकराने बनवलेला चमकणारा पदार्थ तेथेच साठतो आणि खळगा उजळतो. डेव्हिड वॉल्ट व सहकाऱ्यांनी २०१० साली हे करून दाखवले.

आता छायाचित्रातील उजळ ठिपके मोजायचे. पण धूळ आणि बुडबुडेही चमकतात. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते. जाणकारांनी खुणा केलेली असंख्य चित्रे पाहून संगणक खरा ठिपका ओळखायला शिकतो. मात्र शिकवताना न दाखवलेल्या प्रकारच्या चित्रावर तो फसू शकतो. म्हणून प्रथिन नसलेला नमुनाही सोबत तपासावाच लागतो. खोटा ठिपका म्हणजे एखाद्या घराला विनाकारण घोर.