शेतावरील वॉकी-टॉकी : निवड, मांडणी व वीजपुरवठा

भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या परिसरात, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेनजीक वसले आहे. अशा उंचसखल मुलखात वस्ती एकीकडे, विहीर दुसरीकडे आणि ओलिताचे रान टेकाडापलीकडे, हा प्रकार नेहमीचा असतो. जेथे शेतीपंपास रात्रपाळीची वीज मिळते, तेथे रात्री दारे धरावे लागते. रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागलही करावी लागते. विंचू-साप चावला, पाय घसरला वा पंपाजवळ विजेचा धक्का बसला, तर एकट्या माणसाची हाक घरापर्यंत पोचत नाही. खोलगट भागात मोबाइलची रेंजही तुटते. अशा ठिकाणी वॉकी-टॉकी, म्हणजे हातात मावणारा दुतर्फा बिनतारी संच, फार उपयोगी पडतो. मात्र त्याची निवड, मांडणी व वीज या तिन्ही बाबी शेतकरी बंधूंनी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

संचाची निवड

बिनतारी संच कोणासही मनास येईल त्या लहरींवर चालविता येत नाही. पोलीस, विमानवाहतूक, वनखाते इत्यादींच्या संदेशवहनास अडथळा येऊ नये म्हणून लहरींची वाटणी केलेली आहे. भारतात २०१८ च्या नियमांन्वये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या संचांसाठी परवान्यावाचून खुला आहे. यास्तव याच पट्ट्यात चालणारा व केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची प्रकार-मान्यता असलेला संच घ्यावा. खोक्यावर लहरींचा पट्टा स्पष्ट लिहिलेला नसेल तर तो संच घेऊ नये. अधिक शक्तीचे, वाटेल त्या लहरीवर लावता येणारे संच स्वस्त मिळाले तरी परवान्याविना वापरणे हा गुन्हा आहे. हौशी बिनतारी चालकांचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. परंतु तो धंद्याच्या कामासाठी नसतो.

पल्ला कशावर अवलंबून असतो

या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. सपाट रानात उभ्या माणसाच्या दृष्टीस क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. तोच माणूस २५ मीटर उंचीवर चढला तर ते सुमारे १८ किलोमीटरवर जाते. म्हणजे शक्ती वाढविण्यापेक्षा उंची साधणे अधिक फलदायी होय. याउलट टेकाड, दाट झाडी, उंच वाढलेला ऊस वा मका आणि पत्र्याचे छप्पर आड आले की पल्ला झपाट्याने घटतो. खोक्यावर छापलेले अंतर उघड्या माळावरचे समजावे. संच घेतल्यावर एकाने घरी व दुसऱ्याने शेतात फिरून आवाज कोठे पोचतो, कोठे तुटतो याची पाहणी करावी. जेथून खात्रीने बोलणे होते अशा जागा बांधावर खुणेचे दगड ठेवून निश्चित कराव्यात.

मांडणी

दोन्ही संच एकाच चॅनेलवर लावावेत. चॅनेलसोबत उपस्वराचा आकडा असल्यास तोही दोन्हीकडे सारखाच हवा. अन्यथा संच चालू असूनही आवाज येणार नाही. उपस्वरामुळे इतरांचे बोलणे आपल्या कानी पडत नाही. परंतु आपले बोलणे त्यामुळे गुप्त राहत नाही. अँटेना मोडलेली वा सैल असताना बोलण्याचे बटन दाबू नये. बोलताना संच उभा व तोंडापासून चार-पाच बोटे दूर धरावा. बटन दाबून क्षणभर थांबावे, थोडक्यात बोलावे व बटन सोडावे. दाबलेले असताना समोरच्याचे ऐकू येत नाही. विजा चमकत असताना उंच जागी वा झाडाखाली उभे राहून बोलू नये.

विजेचा हिशेब

उदाहरणादाखल १५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी घेऊ. बारा तासांच्या रात्रीत १५ मिनिटे बोलणे, ४५ मिनिटे ऐकणे व ११ तास नुसता संच चालू, असे धरू. बोलताना ४००, ऐकताना १२० व स्वस्थ असताना ५० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे मानल्यास खर्च अनुक्रमे १००, ९० व ५५०, म्हणजे एकूण ७४० मिलिअँपिअर-तास होतो. नवी बॅटरी यात निम्मीच संपते. परंतु जुनी होऊन तिची क्षमता ९०० वर आली, तर पहाटे जेमतेम १६० उरतात. सबब दर हंगामाच्या आरंभी बॅटरी पूर्ण भरून संच सायंकाळी चालू ठेवावा व तो केव्हा बंद पडतो याची वेळ टिपून घ्यावी. रात्रभर टिकत नसेल तर बॅटरी बदलावी.

लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरने भरावी. सौर तावदान वा ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी तिला थेट जोडू नये. मध्ये ५ व्होल्ट देणारे योग्य साधन हवे. ढगाळ दिवसांत सौर तावदानावर विसंबून राहू नये. उन्हाळ्यात संच पत्र्याच्या खोपीत वा बंद मोटारीत ठेवू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. फुगलेली बॅटरी वापरू नये. बरेच दिवस काम नसल्यास ती सुमारे निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

वापराची शिस्त

संच आहे एवढ्याने रक्षण होत नाही. घरी ऐकणारा माणूस हवा. दर तासाला ठराविक वेळी शेतातून घरी खुशाली कळवावी. दोन वेळा हाक देऊनही उत्तर न आल्यास घरच्यांनी तिसऱ्याची वाट न पाहता दोघांनी मिळून बॅटरी घेऊन निघावे. पंपाजवळ माणूस पडलेला दिसल्यास प्रथम वीज बंद करावी, मगच त्यास हात लावावा. घरचा संच मोबाइलची रेंज असलेल्या जागी ठेवावा, म्हणजे शेतातून निरोप येताच रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा इतर मदतीसाठी ११२ या क्रमांकावर तत्काळ कळविता येईल. सर्पदंशात गेलेला प्रत्येक क्षण मोलाचा असतो, आणि तो वाचविणे हेच या संचाचे खरे काम होय.